ब्रेक डिस्कवरचा तडा मोजून कागदावर लिहा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, सुटे भाग तपासण्याच्या कामात माझी एकोणतीस वर्षे गेली. निवृत्तीनंतर तो विषय सुटला असे वाटत होते. पण गेल्या महिन्यात सप्तशृंगी गडावरून सहकुटुंब परतताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरू लागले आणि विषय घरी चालत आला. गाडी एका गॅरेजमध्ये नेली. तेथील मुलाने पुढचे चाक उतरवले, मोबाइलचा उजेड टाकला आणि "काका, दोन्ही डिस्कला क्रॅक आहेत, आजच बदला, घाटात तुटली तर मला बोलू नका," असे सांगून तो पुढच्या गाडीकडे वळलासुद्धा.

डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या आणि ब्रेक लागताच पॅडच्या चिमटीत सापडणाऱ्या बिडाच्या तबकडीवर, तडे होते हे खरे. परंतु ते जुन्या चिनीमातीच्या बशीच्या झिलईवर पडतात तसे बारीक जाळ्यासारखे होते, नख फिरवले तर कोठेही अडकत नव्हते आणि त्यांतील एकही रेषा कडेपर्यंत गेलेली नव्हती. घरचा मायक्रोमीटर लावला तेव्हा जाडी २१.४ मिलिमीटर भरली. डिस्कवर कोरलेली किमान जाडी २० होती. मात्र गोलाकार आठ ठिकाणी मोजल्यावर जाडीत ०.०३ मिलिमीटरचा फरक सापडला. थरथर या फरकाची होती, तड्यांची नव्हे. लेथवर डिस्कचा पृष्ठभाग किंचित कातून सपाट करून घेतल्यावर ती थांबली.

आता उलट उदाहरण. आमच्या गल्लीतील एक गृहस्थ भाजीपाल्याचा पिकअप रोज रात्री कसारा घाटातून वाशीच्या बाजारात नेतात. त्यांची डिस्क आरशासारखी चकाकत होती, कारण एका मेस्त्रीने ती वर्षभरात दोनदा लेथवर फिरवून दिली होती. मी ती स्वच्छ धुऊन, पुसून, त्यावर डीपीचा (डाय पेनेट्रंट, म्हणजे तड्यात मुरून तो उघड करणारा) लाल द्रव मारला, दहा मिनिटांनी पुसला आणि पांढरी पावडर फवारली. काही क्षणांत बाहेरच्या कडेपासून आत येणारी एक लाल रेषा उमटली, आणि ती कडेवरून खाली उतरून डिस्कच्या जाडीतही शिरलेली दिसली. जाडी किमान मर्यादेच्या खाली गेलेली होतीच. म्हणजे बदलण्याचे कारण नसलेली डिस्क बदलायला सांगितली जात होती आणि बाद व्हायला हवी होती ती रोज रात्री घाट उतरत होती. दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट झाली नव्हती: कोणी काही मोजले नव्हते.

तडे पडतात कसे, हे समजले तर त्यांची प्रतवारी करता येते. ब्रेक लागताच डिस्कचा पृष्ठभाग आधी तापतो आणि फुगू पाहतो. आतले गार बीड त्याला फुगू देत नाही, त्यामुळे वरचा थर दाबला जाऊन कायमचा किंचित आखडतो. डिस्क थंड झाली की हाच आखडलेला थर परिघाच्या दिशेने ताणला जातो, आणि बीड दाबाला जितके चिवट तितके ताणाला नसते. असे हजारो वेळा झाले की केंद्राकडून कडेकडे जाणाऱ्या बारीक रेषा उमटतात. तीन टन वजनाचा भरलेला पिकअप इगतपुरीकडून कसाऱ्याला उतरतो तेव्हा तो सुमारे ३०० मीटर खाली येतो. या उताराची ऊर्जा २५ लिटर गार पाणी उकळीला आणण्याइतकी असते. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली तर तिचा मोठा वाटा इंजिन घेते. डिझेल वाचवण्याच्या नादात वरच्या गिअरमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये उतरणारा चालक ती जवळजवळ सगळी डिस्क आणि ड्रमवर टाकतो. सप्तशृंगी गडाच्या पायथ्याशी नांदुरीत पोहोचताच धुरकटलेल्या चाकांवर बादलीभर पाणी ओतणारे चालक मी डोळ्यांनी पाहिले आहेत. तापलेल्या बिडावर याहून वाईट उपचार नाही.

पृष्ठभागापुरते राहिलेले जाळे बहुधा चालते. कडेला पोहोचलेला, आरपार गेलेला, डिस्कच्या मधल्या टोपीसारख्या उंच भागाकडे वळलेला किंवा हवा खेळण्यासाठी असलेल्या आतल्या पंखांतील तडा मात्र कोणत्याही वाहनात चालत नाही. ट्रक-बसच्या हवेवर चालणाऱ्या डिस्क ब्रेकसाठी काही उत्पादकांच्या पुस्तिकांत अशी मर्यादा असते की तड्याची रुंदी व खोली दीड मिलिमीटरच्या आत आणि लांबी पॅड घासणाऱ्या पट्ट्याच्या ७५ टक्क्यांच्या आत असावी. हे आकडे मोटारींना लावू नयेत. तेथे त्या त्या गाडीची पुस्तिका पाहावी. दुचाकींच्या डिस्क बहुधा पोलादी असतात आणि त्यांवर भोके असतात. तेथे तडा भोकाच्या काठातून निघतो, म्हणून दोन भोकांमधली जागा भिंगाने पाहावी. १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना २०१९ पासून एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे झाल्याने डिस्क आता घरोघरी आहे, पण ती कोणी वाकून पाहत नाही.

लेथवर फिरवण्याला माझा सरसकट विरोध नाही, माझ्याच गाडीत ते उपयोगी पडले. परंतु खोल तड्यावर हा उपाय म्हणजे भिंतीच्या भेगेवर चुना फासणे होय. वरची चकाकी येते, तड्याचे मूळ तसेच राहते, आणि पातळ झालेली डिस्क तितक्याच ब्रेकला अधिक तापते. तडा वेल्डिंगने भरण्याचा विचार तर कोणी मनातही आणू नये.

फिटनेस प्रमाणपत्र आहे म्हणजे ब्रेक ठीक, हा समजही तपासायला हवा. रोलरवर चाक फिरवून मिळतो तो ब्रेकचा जोर आणि डाव्या-उजव्या चाकांतील फरक, तोही थंड डिस्कवर काही सेकंदांपुरता. तडा गेलेली डिस्क त्या परीक्षेत सहज उत्तीर्ण होऊ शकते.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. डिस्कचे काम करताना गॅरेजने जॉब कार्डावर मोजलेली जाडी, डिस्कवर कोरलेली किमान जाडी, सर्वांत लांब तड्याची लांबी आणि तो कडेला पोहोचला आहे की नाही, या चार गोष्टी लिहाव्यात, आणि बदललेली डिस्क ग्राहकाला परत द्यावी. जाडी मोजायला व्हर्निअर वापरू नये, कारण न झिजलेल्या कडेवर त्याचे जबडे टेकतात आणि डिस्क आहे त्याहून जाड भासते. २०२७ च्या सिंहस्थासाठी त्र्यंबकेश्वराच्या रस्त्यावर आणि भोवतालच्या घाटांत धावणाऱ्या बस व जीपगाड्यांची चाके उतरवून तपासणी परिवहन विभागाने आतापासूनच सुरू करावी. सातपूरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मोटर मेकॅनिकच्या विद्यार्थ्यांना या कामात घेतले तर त्यांचाही हात बसेल.

शेजाऱ्यांची ती बाद डिस्क मी भंगारात जाऊ दिलेली नाही. संस्थेने मागितली तर प्रात्यक्षिकासाठी देईन. लाल रेषा पुसली जाऊ नये म्हणून तूर्त ती वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे.

आपला,
एक निवृत्त गुणवत्ता निरीक्षक, सिडको, नाशिक