तो दगड देवीचा नाही

महोदय,

घोडबंदर रस्त्यालगतच्या खोदकामात ‘अज्ञात देवीची प्राचीन मूर्ती’ सापडल्याची आणि तिला शेंदूर फासल्याची कालची बातमी वाचली आणि रात्री झोप लागली नाही. तुम्ही फोटोचा वरचा भागच छापलात. पूर्ण फोटो आमच्याकडे सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतो आहे. वर चंद्र-सूर्य, मध्ये अक्षरांच्या ओळी, खाली गाढव आणि स्त्री. तो गद्धेगाळ आहे, म्हणजे गाढवाची शिवी कोरलेला दानाचा दगड. राजाने दिलेलं दान चंद्र-सूर्य असेपर्यंत चालावं आणि ते मोडणाऱ्याला ही शिवी लागावी, म्हणून रोवलेला. तुम्ही कापलात तो भाग ओंगळ वाटला असेल, पण दगडाची ओळख तिथेच आहे.

मी आठ वर्षांचा असताना कळव्याला आमच्या तळ्यावर असाच एक दगड होता. बायका त्यावर धुणं आपटत. एकदा पाणी आटलं, तेव्हा खालचा चिखल मी हातांनी खरवडला आणि गाढवाचे कान दिसले. आजी ओरडली, “त्याला शिवू नको, वाईट दगड आहे तो!” शाळेतल्या गुरुजींना सांगितलं, तर ते संध्याकाळी स्वतः आले. त्यांनी ओला कागद दगडावर चापून बसवला, वर काजळी फिरवली. अक्षरं कागदावर उमटताना मी बघत होतो. त्या संध्याकाळपासून आजपर्यंत सुट्टीचा दिवस मी दगड पाहण्यातच घालवला. भिवंडीजवळच्या लोनाडला गेलो, अंबरनाथला तर किती वेळा गेलो त्याची गणती नाही.

पुढे तळ्याला काँक्रीटचा काठ बांधला आणि दगड गेला. एका कार्यालयात तीन अर्ज दिले. ‘असा दगड असल्याची नोंद नाही’, एवढंच उत्तर आलं. गुरुजींचा तो कागद माझ्याकडे आहे. पण दगड कुठल्या बाजूला तोंड करून होता, किती पुरलेला होता, हे तेव्हा कोणीच लिहून ठेवलं नाही. मीही नाही. म्हणजे कुठल्या जमिनीचं दान होतं, ते आता कधीच कळायचं नाही.

ठाण्याच्या किल्ल्याचा पाया खणताना १७८७ साली शिलाहार राजा अरिकेसरीचा शके ९३९ चा ताम्रपट मिळाला. त्याचं भाषांतर पुढच्या काही वर्षांत छापूनही आलं. आज प्रत्येक मजुराच्या खिशात कॅमेरा आहे आणि आपण शेंदूर फासून मोकळे! जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक मोलाचं काही मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, हा कायदा १८७८ पासून आहे. तुमच्या बातमीत त्याचा उल्लेख नाही.

आणखी एक. ‘हजारो वर्षांपूर्वीची’ असं काहीही छापू नका. उत्तर कोकणातले बरेचसे गद्धेगाळ शिलाहारांच्या काळातले, म्हणजे साधारण आठशे ते हजार वर्षांचे आहेत.

शेंदूर काढायला कोणी ॲसिड किंवा तारेचा ब्रश लावू नये, हे कृपया ठळक अक्षरांत छापा. अक्षरं पुसली तर परत येणार नाहीत. आणि तुमच्या वार्ताहराने आजच ठेकेदाराला गाठून विचारावं : दगड नेमका कुठे, किती खोल, उभा होता की आडवा? त्या खड्ड्यात लवकरच काँक्रीट पडेल.

आपला,
एक जुना वाचक, कळवा (ठाणे)