ताई, तक्त्यातल्या चौथ्या रकान्यासाठी आभार

प्रिय ताई,
सलाम.

हे पत्र बंद पाकिटात घालून दिलं असतं तर तुम्ही वाचून कपाटात ठेवलं असतं. आजाऱ्यांच्या भेटीला जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेस ते पडावं, म्हणून चारचौघांत लिहितोय. आभार तुमचे आहेत, कानउघाडणी बाकीच्यांची.

आमच्या अण्णांसारख्या, मणक्याला मार बसून कमरेखालचं अंग गेलेल्या माणसाकडे लोक काय घेऊन येतात? मोसंबी, आणि बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं अठ्ठाविसावं वचन. देव सगळ्यातून कल्याण घडवतो, हे आम्हीही मानतो. पण दोनच वचनं आधी त्या पत्राचा लेखक पौल लिहितो की प्रार्थना कशी करावी हेच आपल्याला कळत नाही, आत्माच कण्हत आपल्यासाठी विनवणी करतो. ते कण्हणं वगळून थेट कल्याणावर उडी मारणारे अण्णांच्या खाटेशी खूप येऊन गेले. कुणी म्हणालं, विश्वास कमी पडतोय. कुणी घराण्यातलं जुनं पाप शोधू लागलं. पाप याचं की याच्या आईबापाचं, हा प्रश्न शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल विचारला होता आणि येशूने दोन्ही पर्याय तिथल्या तिथे खोडले. योहानाचा नववा अध्याय रविवारी वाचणाऱ्यांना सोमवारी तो आठवत नाही. सगळं गमावून आजारी पडलेल्या ईयोबाचे मित्र तरी बरे. बोलून घोटाळा करण्याआधी सात दिवस सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते.

तुम्ही शास्त्र उघडण्याआधी चादर वर करून टाचा पाहिल्या. मग माकडहाड, मग खुबे. लाल डागावर बोट दाबलं, सोडलं, आणि तो पांढरा पडत नाही हे आम्हाला दाखवलंत. तिथली कातडी आतून मरायला लागलीय, तिला चोळायचं नाही, तेल तर नाहीच, आणि भोकाची रबरी गादी आजच बाहेर काढा, कारण ती कडेने रक्त अडवते. दर दोन तासांनी कूस बदलायची. पूर्ण आडवं न करता पाठीमागे उशी लावून तीसेक अंशांचा कल द्यायचा. गुडघ्यांच्या मध्ये एक उशी, पोटऱ्यांखाली एक, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. ज्याला दुखतच नाही त्याचं शरीर ‘हलव मला’ असं सांगत नाही, ते घड्याळाने सांगावं लागतं. हे सगळं सांगताना तुमच्या तोंडी एकही वचन नव्हतं.

दुखण्याच्या गोळीचंही तसंच. वरच्या अंगातल्या वेदना सोसणं म्हणजे ख्रिस्ताच्या दुःखात भागी होणं, म्हणून गोळी टाळावी, असं कुणीतरी अण्णांच्या डोक्यात भरवलं होतं. वधस्तंभावर चढण्याआधी वेदना बधिर करणारा, बोळ मिसळलेला द्राक्षारस येशूने नाकारला, हा त्यांचा आधार. तुम्ही शांतपणे पुढचं दाखवलंत: शेवटी ‘मला तहान लागली आहे’ असं त्याने म्हटलं आणि दिलेली आंब, म्हणजे आंबट द्राक्षारस, घेतली. पोटासाठी थोडा द्राक्षारस घे, असं पौल आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला सांगतो, तेव्हा तोही सोसण्याचा उपदेश करत नाही. गोळी दुखणं वाढण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी द्यायची, एवढं बोलून तुम्ही विषय संपवलात.

विलापाचं शिक्षण मात्र तुम्ही सावकाश दिलंत, त्याचं मोल मोठं. तेरावं स्तोत्र सहाच ओव्यांचं. पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर’ची तक्रार चार वेळा, पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. या क्रमाने आपल्या शब्दांत बोला, आणि तिसरा भाग आज आला नाही तर दुसऱ्यावरच थांबा, असं तुम्ही अण्णांना सांगितलंत. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं आणि तरीही ते शास्त्रात आहे. लोक चुकतात ते इथेच: भरवसा आधी वदवून घेतात, मग तक्रार आत कुजते. रोमकरांसच्या पाचव्या अध्यायातही संकटातून धीर, धीरातून शील, शिलातून आशा असा जिना आहे. पहिल्या पायरीवरच्या माणसाकडून आशा मागायची नसते.

आणि निराशा विलापाच्या पलीकडे गेली, झोप-भूक दोन आठवडे हरवली, मरणाची भाषा सुरू झाली, तर पाळकांआधी डॉक्टर. एलीया संदेष्ट्याने झुडपाखाली मरण मागितलं तेव्हा देवदूताने प्रवचन केलं नाही. भाकर, पाणी आणि झोप दिली, तीही दोनदा.

आता मुख्य गोष्ट. कूस बदलण्याचा तक्ता तुम्ही भिंतीवर लावलात: वेळ, कूस, कातडी. सकाळी सहा ते रात्री दहा, नऊ ओळी. निघता निघता पट्टी मागून चौथा रकाना आखलात आणि वर लिहिलंत, ‘कोणासाठी’. आठच्या ओळीत स्वतःचं नाव घातलंत. गुडघ्याचं ऑपरेशन अडलंय, साखर खाली आल्याशिवाय सर्जन हात लावणार नाहीत, तेव्हा अण्णा, रोज आठ वाजता माझ्या साखरेसाठी प्रार्थना करा. तोवर त्या खोलीत येणारा प्रत्येक जण काहीतरी द्यायला आला होता. मागायला कुणी आलं नव्हतं.

तुम्ही घातलेले नियमही इथे लिहून ठेवतो, इतरांच्या कामी येतील. एका ओळीला एक नाव आणि एकच मागणं. मागणं असं हवं की पुढच्या आठवड्यात त्याचं काय झालं ते सांगता येईल. ‘जगाच्या शांतीसाठी’ लिहिलं की चार दिवसांत रकाना मरतो. तक्ता येणारा-जाणारा वाचतो, म्हणून कुणाच्या घरातलं भांडण किंवा लपवलेला आजार त्यावर नको, नुसतं आद्याक्षर पुरे. रात्रीच्या कुशींना नावं नाहीत, तेव्हा झोपायचं. आणि ज्याने नाव दिलं त्याने परत येऊन निकाल सांगायचाच, ‘नाही झालं’ असला तरी. अण्णांना बरं वाटावं म्हणून रचलेलं मागणं तर मुळीच नको. आजारी माणसाला खोटं काम एका दिवसात ओळखू येतं.

वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस यांची गोष्ट प्रवचनांत धीराचा नमुना म्हणून सांगतात. 1954च्या अपघातानंतर त्यांचे पाय गेले आणि पुढे चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. सांगणारे एक दुवा गाळतात: कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी त्यांच्यापुढे ते काम ठेवलं होतं. हात शाबूत होते आणि हाताची शस्त्रक्रिया बसून करता येत होती. नुसत्या धीराने काय झालं असतं, कोण जाणे.

‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ हे फिलिप्पैकरांस पत्रातलं वचन आम्हाला कितीदा ऐकवलं गेलं. पौल तेव्हा बेड्यांत होता, हेही सोबत. पण त्या पत्रात आनंद पहिल्यांदा येतो तो चौथ्या अध्यायात नव्हे, पहिल्यातच, चौथ्या वचनात: तुम्हा सगळ्यांसाठी मी नेहमी आनंदाने प्रार्थना करतो. म्हणजे दुसऱ्यांची नावं घेता घेता. अण्णांचे पाय तसेच आहेत, खांद्याची कळ तशीच आहे. पण चार वाजता कुणी टीव्ही लावला तर ओरडतात, माझं काम आहे म्हणून. शेजारच्या मावशी, ज्या कधी मंडळीत आल्या नाहीत, त्यांनीही नातवाच्या नोकरीसाठी बाराची ओळ मागून घेतली.

चांगुलपणा बहुतेक असाच असतो, ताई, पट्टी मागणारा. मोठी सभा घेऊन, बरं करायला डोक्यावर हात ठेवणारे आले आणि गेले. त्यांच्या छापील पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवरच तुम्ही तो तक्ता आखलात, हे आम्ही अजून त्यांना सांगितलेलं नाही.

एक तक्रार आहे. नियम तुमचाच, आणि तुमच्याच ओळीचा निकाल आलेला नाही. साखर किती आली आणि ऑपरेशनची तारीख मिळाली का, ते कळवा. अण्णा रोज विचारतात.

तुमचे,
अण्णांच्या घरचे