बाबांना बोलू दे

दादा, वहिनी,

रविवारच्या कॉलपासून डोक्यात तेच चाललंय म्हणून सरळ पत्रच लिहायला बसले, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं असतं तर भांडण वाटलं असतं. मी विचारलं बाबा कसे आहात, ते तोंड उघडणार तेवढ्यात तू म्हणालास "ठीक आहेत, चालणं कमी झालंय, रात्री झोपत नाहीत". ते तिथेच बसलेले रे. ओठ हलले आणि परत मिटले, मी बघितलं.

मला बोलायचा हक्क नाही, सगळं तुम्ही दोघं करताय, वहिनी रात्री दोनदा उठतात, हे मान्य. आणि खरं सांगू तर इथे केअर होममध्ये, म्हाताऱ्या माणसांना सांभाळायच्या कामात, पहिले काही महिने मीही हेच केलं. शिफ्ट बदलताना हँडओव्हर असतो, "सात नंबर, पडायचा धोका, दोघींनी उठवायचं", संपलं. सात नंबर म्हणजे एक आजी. कागद दिसला की रेघोट्या मारत बसायच्या म्हणून आम्ही कागद काढून घ्यायचो. एकदा मी नुसती बघत बसले तर आठवड्याच्या कार्यक्रमांचा कागद होता आणि रेघा काही ठराविक शब्दांखालीच, आणि त्या प्रत्येक शब्दात स्पेलिंगची चूक! त्यांच्या मुलीला विचारलं तर म्हणाली आई प्रूफरीडर होती, छापायच्या आधी चुका शोधायची, आयुष्यभर तेच केलं. म्हणजे आम्ही त्यांचं काम हिसकावत होतो आणि वर फाईलमध्ये "चिडतात" असं लिहीत होतो.

फ्रेल, म्हणजे वयाने खचलेलं, नाजूक झालेलं माणूस कसं ओळखायचं ते ट्रेनिंगमध्ये शिकवलं, 2001 साली ठरवलेली पाच लक्षणं आहेत, आपोआप घटलेलं वजन, सैल पकड, मंद चाल, सतत थकवा, कमी हालचाल. तीन जुळली की माणूस फ्रेल. बाबांना तर चार जुळतात, मी मोजली. पण लाइनमन म्हणून पावसात पोलवर चढायचे ते या पाचात कुठे बसवायचं? इथे अल्झायमर्स सोसायटी म्हणून विसरण्याच्या आजारासाठी काम करणारी संस्था आहे, तिचा "धिस इज मी" म्हणजे "हा मी" असा एक फॉर्म असतो, मला काय म्हणून हाक मारलेली आवडते, कशाने बरं वाटतं, कशाने त्रास होतो, असं सगळं त्यात लिहायचं. बाबांना विसरण्याचा आजार नाही, तरी मी परवा त्यांच्यासाठी मनातल्या मनात भरून बघितला आणि "कशाने त्रास होतो" ला अडकले. मला माहितीच नाही!

एक मात्र नक्की सांगते, ओरडून बोलू नका. वयाने ऐकू येणं कमी होतं ते आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज जातात, त्यामुळे स, फ, थ असली अक्षरं निसटतात आणि ओरडल्याने ती काही परत येत नाहीत. समोर बसून, चेहरा दिसेल असं, खालच्या पट्टीत हळू बोल आणि मग थांब. थांबणंच अवघड असतं, मलाही जमत नाही, उत्तर यायला वेळ लागतो आणि आपण मध्येच घुसतो. आणि ते "शहाणं ना माझं बाळ" पण बंद कर प्लीज, तू प्रेमाने म्हणतोस माहितीये. हां, आणि अचानक एका दिवसात बरळायला लागले तर वय झालं म्हणून सोडू नको, लगेच डॉक्टरांना दाखव, लघवीचं किंवा छातीचं इन्फेक्शन असू शकतं, कधी नुसती औषधंही कारण असतात.

हॉलचा पंखा घरघर करतो म्हणालास ना? इलेक्ट्रिशियनला बोलवायच्या आधी बाबांची खुर्ची त्याच्याखाली ठेव. घरघर खालच्या पट्टीतली, बहुतेक ऐकू येईल त्यांना. बेअरिंग की कंडेन्सर ते विचार आणि सांगेपर्यंत तिथेच बस.

रविवारी कॉल करते. फोन त्यांच्याच हातात दे, हात थरथरला आणि मला अर्धा वेळ छतच दिसलं तरी चालेल.

तुझी धाकटी