मनगट ‘मुरगळले’ हे निदान घाईचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हात टेकून पडल्यावर मनगट दुखू लागले की ‘मुरगळलं असेल, बर्फ लावा, क्रेप बँडेज बांधा, आठवडाभरात बरं वाटेल’ असा सल्ला आरोग्यविषयक सदरांतून सर्रास दिला जातो. घोट्याच्या बाबतीत तो बहुतेक वेळा खपून जातो. मनगटाला तोच सल्ला लावला तर कधीकधी कायमचे नुकसान होते, म्हणून हे पत्र.

मनगटात आठ लहान हाडे दोन रांगांत बसलेली असतात. अंगठ्याच्या बाजूचे स्कॅफॉइड हे हाड या दोन्ही रांगांना सांधते. तळहातावर पडताना भार या हाडाच्या मधल्या निमुळत्या भागावर, म्हणजे त्याच्या ‘कमरेवर’ येतो आणि आठांपैकी सर्वांत जास्त वेळा मोडते ते हेच. अडचण अशी, की ते मोडल्याचे बाहेरून कळत नाही. हात वाकडा होत नाही, सूज बेताची असते, बोटे हलतात. धडधाकट तरुण दुसऱ्या दिवशी कामावरही जातो.

दुखण्याची जागा मात्र ठरलेली असते. अंगठा ताणून वर उचलला की त्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला, दोन ताठ टेंडनच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) मधे एक खळगा उमटतो. त्या खळग्यात दुसऱ्या हाताच्या बोटाने दाबून पाहावे आणि चांगल्या हातावरही तसेच करून तुलना करावी, कारण जोरात दाबले तर तिथे थोडे कोणालाही दुखते. मग तळहाताच्या बाजूला, अंगठ्याच्या उंचवट्याच्या अगदी पायथ्याशी हाताला लागणारे हाडाचे टोक दाबावे. शेवटी अंगठा त्याच्या लांबीच्या दिशेने मनगटाकडे ढकलावा. यांपैकी एकानेही दुखऱ्या बाजूला स्पष्ट कळ आली, तर हाड मोडले आहे असे धरूनच पुढे जायचे.

इथेच दुसरी चूक होते आणि ती आम्हा डॉक्टरांची. पहिल्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये ही मोड दिसतेच असे नाही. मनगटाचे नेहमीचे दोन एक्स-रे पुरत नाहीत. मनगट करंगळीकडे झुकवून स्कॅफॉइडचे वेगळे कोन घ्यावे लागतात. तेही स्वच्छ आले आणि खळग्यातले दुखणे तसेच असेल, तर मनगटाला स्प्लिंट (न हलू देणारी आधारपट्टी) किंवा प्लास्टर घालून १० ते १४ दिवसांनी पुन्हा तपासायचे, नाहीतर सरळ एमआरआय करून सोक्षमोक्ष लावायचा. ‘एक्स-रे नॉर्मल आहे, चोळायला मलम देतो’ हे उत्तर नव्हे.

एवढा आग्रह का, तर या हाडाचा रक्तपुरवठा उलटा आहे. रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकातून शिरते आणि तिथून मागे, कोपराच्या दिशेच्या टोकाकडे जाते. हाड कमरेत मोडले की मागच्या तुकड्याचा पुरवठा तुटू शकतो. वेळेवर स्थिर केलेली, न सरकलेली मोड साधारण ८ ते १२ आठवड्यांत जुळते. मागच्या टोकाजवळची असेल तर जास्त वेळ लागतो आणि तिथे बरेचदा स्क्रूच घातला जातो. दुर्लक्ष झाले तर तुकडे सुटेच राहतात, मागचा तुकडा निर्जीव होऊ शकतो आणि काही वर्षांत मनगटाचा सांधा झिजतो. तोवर पडल्याचे कोणाच्या लक्षातही नसते. मग दुसरीकडचे हाड काढून तिथे भरायचे, तेही जुळेल याची खात्री नाही.

वयस्कर माणसांत याच पडण्याने मनगटाच्या वरचे, कोपरापासून येणारे रेडियस हाड मोडते. आयर्लंडचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलीस यांनी या मोडीचे वर्णन १८१४ मध्ये, म्हणजे एक्स-रेचा शोध लागण्याच्या ८१ वर्षे आधी केले, यावरूनच ती नुसत्या डोळ्यांना किती दिसते हे कळावे. ती सहसा नजरेतून सुटत नाही. घोळ होतो तो प्लास्टरनंतर. हात सुजायच्या आत अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून घ्यायचे. प्लास्टर तळहातावरच्या आडव्या रेषेच्या पुढे जाता कामा नये, म्हणजे बोटे मुळापासून मिटता येतात. ती दर तासाला पूर्ण मिटायची आणि पूर्ण उघडायची. खांदाही हलवायचा, नाहीतर मनगट बरे होते आणि खांदा आखडतो. दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले, बोटे बधिर झाली किंवा दुसऱ्याने बोट सरळ करताना असह्य कळ आली, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री प्लास्टर आतल्या कापसासकट त्वचेपर्यंत चिरून सैल करावे लागते. आणि पन्नाशीनंतर उभ्याउभ्या पडून हे हाड मोडले असेल तर हाडांची घनता तपासल्याशिवाय उपचार पूर्ण झाले असे मी मानत नाही.

बोटांकडे तर त्याहून दुर्लक्ष होते. चेंडू बोटाच्या टोकावर आदळतो किंवा चादर गादीखाली खोचताना बोट अडकते, आणि शेवटचे पेर खाली लोंबू लागते. ते वर उचलणारे टेंडन तुटलेले असते. यालाच मॅलेट फिंगर म्हणतात. उपाय साधा, पण कमालीचा चिकाटीचा आहे: फक्त शेवटचा सांधा सरळ ठेवणारा स्प्लिंट, किमान ६ आठवडे, रात्रंदिवस. मधला सांधा मोकळा हवा. स्प्लिंट धुवायला काढताना बोटाचे टोक टेबलावर टेकवलेलेच ठेवायचे, कारण पेर एकदा जरी वाकले तरी सहा आठवड्यांची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. बहुतेकांचे उपचार फसतात ते आंघोळीच्या वेळी. उलट, कोणाचा कपडा मुठीत धरलेला असताना हिसका बसला आणि टोकाचे पेर वाकेनासेच झाले, तर वाकवणारे टेंडन हाडापासून उपटले गेले आहे. तिथे स्प्लिंटने काही होत नाही. आठवडा-दहा दिवसांच्या आत शस्त्रक्रिया लागते. टेंडन तळहातात मागे सरकून आखडते आणि नंतर पूर्वीच्या जागी ओढून आणता येत नाही.

ट्रिगर फिंगर (वाकवलेले बोट अडकून झटक्याने सुटणे), डी क्वेर्व्हेन (अंगठ्याच्या मुळाशी टेंडनच्या आवरणाचे दुखणे), मनगटावरची गँगलिऑनची (द्रवाने भरलेली) गाठ, यांना घाई नाही. गाठ दाबून फोडू नये, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. ती पुष्कळदा आपोआप जिरते. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येत असेल आणि हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर नुसत्या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवर महिने घालवू नयेत. मनगटाच्या अरुंद बोगद्यातून नऊ टेंडन आणि एक नस (मज्जातंतू) जाते. त्या नसेवर दाब आला की अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिरते. करंगळी बधिरत असेल तर दोष बहुधा दुसऱ्या नसेचा, म्हणून कोपर किंवा मान तपासावी. सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट सहा आठवडे वापरून पाहावा. अंगठ्याखालचा मांसल भाग सपाट दिसू लागला असेल तर मात्र स्प्लिंटची वेळ टळून गेलेली असते.

राहिल्या कापलेल्या जखमा. काच किंवा सुरीने बोटाला झालेली अर्ध्या इंचाची जखमही टेंडन आणि नस दोन्ही तोडू शकते. वरून दोन टाके घातले की ती झाकली जाते, इतकेच. म्हणून भूल देण्याआधी बोटाच्या टोकाच्या दोन्ही बाजूंना स्पर्श कळतो का हे पाहायचे. मग मधले पेर घट्ट धरून टोकाचे पेर वाकवायला सांगायचे, त्यानंतर बाकीची बोटे सरळ धरून ठेवून त्याच बोटाचा मधला सांधा वाकतो का ते बघायचे. बोट तुटून वेगळे झाले असेल तर ते सलाइनने ओलसर केलेल्या गॉझमध्ये गुंडाळून, हवाबंद पिशवीत घालून, ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. बर्फ बोटाला थेट लागता कामा नये. रक्तस्राव जखमेवर घट्ट दाब देऊन थांबवावा, बोटाला दोरा आवळून नव्हे.

आपला,
हाताच्या शस्त्रक्रिया करणारा एक डॉक्टर
(नाव संपादकांकडे)