गोळीचे काय, तेही छापा

मा. संपादक महाशय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला साखर सोडण्यावरचा लेख काल दोनदा वाचला. पहिल्यांदा राग आला, तो बिनसाखरेच्या चहामुळे आला असेल म्हणून पुन्हा वाचला. चहाचा दोष नव्हता.

साखर सोडायला माझी ना नाही. मी स्वतः सोडली आहे. पण ‘एकवीस दिवसांत रक्त शुद्ध’ म्हणजे काय हो? रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती एचबीएवनसी चाचणी तांबड्या पेशींवरून होते आणि त्या पेशी जगतात सुमारे १२० दिवस. एकविसाव्या दिवशी रिपोर्ट काढलात तर चतुर्थीच्या नेवऱ्यासुद्धा त्यात हजेरी लावणार. आणि साखरेच्या जागी माडाचा गूळ ‘बिनधास्त’ घ्या म्हणे! गूळ काळा असला म्हणून रक्तात जाऊन तो कारले होत नाही. पातोळ्यांवर माझे प्रेम आहे, पण त्यांना औषध म्हणण्याइतके नाही.

असो. हे सगळे मी हसून सोडले असते. पत्र लिहायला बसलो ते लेखात नसलेल्या एका वाक्यासाठी.

गेल्या श्रावणात असाच एक लेख वाचून मी साखर बंद केली. उत्साहाच्या भरात पावही बंद. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला तरी दार उघडले नाही. कोरा चहा घेतला आणि मधुमेहाची गोळी मात्र नेमाने, रोजच्या वेळी. ग्लिमेपिराइड, गेली सहा वर्षे घेतो. मग सोमवारची फुले आणायला फोंड्याच्या बाजारात गेलो. आबोलीच्या वळेसराचे पैसे देताना बोटांना नाणे धरवेना. शर्ट पाठीला चिकटला, समोरची फुलकारीण एकाची दोन दिसू लागली. मला वाटले, हृदयविकाराचा झटका. त्या बाईला मात्र ते काय आहे ते माझ्याआधी कळले. “बस हांगा. हें पी आदीं,” म्हणत तिने शेजारच्या गाड्यावरून लिंबूपाणी आणवले आणि वर तीन चमचे साखर घालायला लावली. तिच्या घरवाल्यालाही हाच आजार. दहा-बारा मिनिटांनी जवळच्या औषधालयात रक्तातली साखर मोजली तेव्हा ६१ भरली, तीही साखर पोटात गेल्यानंतर. ७० च्या खाली गेली की धोका, हे मला त्या दिवशी कळले. वीज खात्यात जन्म काढला, कमी दाबाचे धोके दुसऱ्यांना समजावले, आणि स्वतःचाच दाब घसरला तेव्हा पत्ता नाही.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, “साखर सोडलीत, छान. पाव सोडलात, तेही चालेल. पण मग गोळी तेवढीच ठेवा असे कोणी सांगितले?” ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही, ते ती विचारत नाही. खाणे कमी केले तर गोळीही डॉक्टरांना विचारून कमी करावी लागते. माझी त्यांनी निम्म्यावर आणली. साखर अजून बंदच आहे आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी ८.४ वरून ७.२ वर आले. म्हणजे फायदा झाला, नाही असे नाही.

तर हे एवढे एक वाक्य, ‘गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे’, छापायला तुमच्याकडे जागा नव्हती? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत मधुमेहात गोवा देशात पहिला आला, २६.४ टक्के. आमचा संजीवनी साखर कारखाना बंद पडून वर्षे झाली तरी आमच्या चहातला चमचा काही कमी झाला नाही. दर चार मोठ्या माणसांत एक मधुमेही असलेल्या राज्यात तुमची पुरवणी कोणाच्या हातात पडते, याचा विचार कोणी करायचा? लेखाखाली मिठाईच्या दुकानाची पाव पान जाहिरात मात्र ठळक आली आहे.

जागेचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. या लेखासाठी शब्दकोडे काढून टाकलेत. गेल्या रविवारच्या कोड्याचे उत्तरही आले नाही. आडवे १४ मला अजून सुटलेले नाही. पुढच्या रविवारी दोन्ही उत्तरे एकदम द्यावीत.

सौभाग्यवती आता माझ्या शर्टाच्या खिशात साखरेची पुडी घालूनच मला बाहेर सोडते. परवा म्हापशाच्या बसमध्ये मुंग्यांनी ती शोधून काढली. शेजारचा प्रवासी उठून उभा राहिला, मी मात्र पुडी टाकली नाही.

आपला,
एक निवृत्त वीज कर्मचारी,
फोंडा