मनू, आधी एकच भाषा

प्रिय मनू,

रविवारी तू ताटावरून उठून आजीकडे नौपाड्याला निघून गेलीस आणि बोलणं अर्धंच राहिलं. फोनवर पुन्हा आवाज चढतील, म्हणून लिहितेय. स्टेशनजवळच्या त्या कॉम्प्युटर प्रोग्रामिंगच्या क्लासची फी भरायला आमची ना नाही, बाबांनी पैसे वेगळे काढूनही ठेवलेत. माझी हरकत आहे ती त्यांच्या पत्रकाला: दोन महिन्यांत सी, जावा आणि पायथन, तिन्ही प्रोग्रामिंग भाषा. नवशिक्याच्या हाताला दोन महिन्यांत एक भाषा जेमतेम लागते. तीन धरल्यास तर तिन्हींची सुरुवात येईल आणि एकीतही काही पुरं होणार नाही. कथकचं तेच झालं, कीबोर्डचं... जाऊ दे, ते काढायचं नाही असं ठरवलं होतं.

पायथन घे. सोपी आहे म्हणून घे, असं सगळेच सांगतात. माझं कारण वेगळं आहे. शिकणाऱ्याला आपलं कुठे चुकलं ते तिथल्या तिथे कळायला हवं. आपल्या ट्रान्स-हार्बर लोकलच्या ठाणे ते तुर्भे स्टेशनांची पायथनमध्ये यादी करून बघ: ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. स्टेशनं सात, पण यादीतली मोजणी शून्यापासून. ठाणे शून्यावर, तुर्भे सहावर. तुर्भे सातवं म्हणून तू सात क्रमांक मागणारच, सगळेच मागतात. पायथन तिथेच थांबेल, ओळीचा क्रमांक दाखवेल आणि 'लिस्ट इंडेक्स आउट ऑफ रेंज', म्हणजे क्रमांक यादीबाहेरचा, असं सांगेल. जावास्क्रिप्ट ही आणखी एक भाषा, ती गुपचूप 'अनडिफाइन्ड' (इथे काही नाही) देऊन पुढे जाईल, आणि घोटाळा दहा ओळींनंतर भलतीकडेच दिसेल. सी तर यादीची हद्द तपासतच नाही. शेजारच्या मेमरीत जे असेल ते उचलते. कधी कचरा छापते, कधी प्रोग्राम कोसळतो आणि कधी सगळं ठीक चाललंय असं वाटतं. हे शेवटचं सगळ्यात वाईट. जावा थांबते, पण क्लासात शिकवतात त्या पद्धतीने एक ओळ छापायची तरी आधी 'क्लास' आणि 'मेन' हे शब्द लिहावे लागतात, आणि ते शब्द तिथे कशाला आहेत हे तुला महिनाभर कोणी सांगणार नाही.

दुसरीत असताना ऐरोलीच्या प्लॅटफॉर्मवर तू हीच स्टेशनं उलटी म्हणून दाखवायचीस. दिघा तेव्हा नव्हतं. दादा अडखळायचा, तू कधीच नाही. तुझ्या डोक्याची मला काळजी नाही गं, काळजी अर्धवट सोडण्याची आहे.

आता लॅपटॉपचं. पायथनच्या मूळ संकेतस्थळावरून विंडोजचा इन्स्टॉलर घे. पहिल्याच खिडकीत तळाशी पायथन पाथमध्ये (विंडोज प्रोग्राम जिथे शोधतं त्या जागांच्या यादीत) घालण्याची चौकट असते, तिच्यावर टिक कर. ती राहिली की कमांड प्रॉम्प्टला (आज्ञा टाइप करायच्या खिडकीला) पायथन सापडत नाही किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं, आणि पहिल्याच दिवशी वैताग येतो. सोबत प्रोग्राम लिहायला आणि चालवायला आयडल येतं, पहिले काही आठवडे तेवढंच पुरे. फाइलला 'रँडम' हे नाव देऊ नकोस. पुढे रँडम मॉड्यूल (कुठलाही आकडा निवडून देणारा तयार कोड) मागवशील तेव्हा पायथन तुझीच फाइल उचलेल. क्लासच्या झेरॉक्स नोट्समध्ये 'प्रिंट' या छापायच्या आज्ञेपुढे कंस नसतील तर त्या पायथन २ च्या आहेत. त्या आवृत्तीला १ जानेवारी २०२० पासून कोणी वाली नाही. नोट्स बाजूला ठेव.

'इनपुट' या आज्ञेने वापरणाऱ्याकडून घेतलेलं सगळं मजकूर म्हणून येतं. दोन तिकिटांचे १५ आणि २० विचारून बेरीज केलीस तर ३५ नाही, १५२० येईल. आधी इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकात, बदलून घे. स्पेस आणि टॅब मिसळू नकोस, ओळ दिसायला सरळ असते आणि तरी इंडेंटेशनची (ओळीआधी सोडलेल्या जागेची) एरर येते.

साधारण तिसऱ्या आठवड्यात लूपच्या (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवण्याच्या) आत लूप आणि फंक्शन (नाव दिलेला, हवा तेव्हा वापरायचा कोडचा तुकडा) येईल. बहुतेकांचं तिथेच अडतं, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी सांगतं की पायथन सोड, अमुक घे. मनू, तिथे भाषा बदलू नकोस. नव्या भाषेतही तेच लूप तसंच वाट बघत असतं. पुन्हा भाषण झालं, माफ कर.

त्याऐवजी एक प्रोग्राम पुरा कर. दोन स्टेशनांची नावं विचारायची आणि मधली सगळी स्टेशनं छापायची, उलट्या दिशेनेही. यात यादीचा तुकडा क्रमांक २ ते ६ असा घेतलास तर तुर्भे गळेल, कारण शेवटचा आकडा धरला जात नाही. कोपरखैरणे कोणी वेगळं लिहिलं तर ते यादीत न सापडल्याने व्हॅल्यू एरर येईल, ती तू कशी हाताळतेस ते मला बघायचंय. एआयकडून लिहून घेऊ नकोस. तुझं लिहून झाल्यावर हवं तर तपासून घे.

आणि सीला घाबरूही नकोस. डेनिस रिचींनी ती बेल लॅब्समध्ये १९७२ च्या सुमारास घडवली आणि लवकरच युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा तिच्यातच लिहिला गेला. यादीची हद्द तपासण्यात वेळ जातो, तो वाचवून ती जबाबदारी तिने लिहिणाऱ्यावर टाकली. कॉलेजात पहिल्या वर्षी ती समोर आली की पायथनचं इफ (अट), लूप, फंक्शन सगळं उपयोगी पडेल. फक्त ५ भागिले २ सीमध्ये २ येतात, पायथन ३ मध्ये २.५, आणि स्कॅनएफमध्ये (सीच्या इनपुटमध्ये) आकडा घेताना व्हेरिएबलच्या (किंमत ठेवायच्या नावाच्या) आधीचं अँडचं चिन्ह (&) विसरलं की प्रोग्राम बहुधा कोसळतो. तेव्हाही सी चालवायला टर्बो सी हा जुना कंपायलर उतरवू नकोस, जीसीसी घे. पण हे सगळं नंतर. आधी एक भाषा, आणि मधेच सोडायची नाही. बघ, तिसऱ्यांदा लिहिलं.

क्लास लावायचाच असेल तर एकट्या पायथनची बॅच आहे का, ते विचार. अडलीस तर मला एररचा फोटो पाठवू नकोस. शेवटची ओळ कॉपी करून पाठव, सोबत ती ज्या ओळीकडे बोट दाखवते ती ओळ, आणि तुला काय यायला हवं होतं तेही लिही. रात्री अकरापर्यंत मी जागीच असते.

तुझी,
आई