किल्ली देऊ नकोस

कोल्हापूर

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "आई, मी थोडंच काही करतोय? आठवडाभर खोलीची किल्ली आणि माझ्या नावावरचं एक सिमकार्ड, एवढंच मागतोय तो." पण त्याआधी तूच सांगितलंस, की हा तुझा मित्र गर्दीत स्फोट घडवायचं बोलतो, सामान जमवतोय. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून कोर्टातून आल्या आल्या लिहायला बसले.

काही ठाऊक नसताना कुणाला गाडी दिली आणि त्याने भलतंच केलं, तर कायदा तुला गुन्हेगार धरत नाही. तुला माहीत होतं, हे सरकारी पक्षाला सिद्ध करावं लागतं. पण तुला आता माहीत आहे, बाळा. त्याचे मेसेज तुझ्या मोबाइलमध्ये आहेत.

यूएपीए, म्हणजे बेकायदेशीर कृत्यं रोखणारा 1967 चा कायदा, त्याचं कलम 18 वाच. दहशतवादी कृत्यालाच नव्हे, त्याच्या तयारीलाही जाणूनबुजून मदत केली तर किमान 5 वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. म्हणजे स्फोट झालाच नाही तरी तू सुटत नाहीस. भारतीय न्याय संहितेच्या कलम 113 मध्येही तेच आहे. आणि दहशतवाद्याला जाणूनबुजून आसरा दिला तर यूएपीएचं कलम 19, किमान 3 वर्षं. तिथे सूट फक्त नवऱ्याला किंवा बायकोला. मित्राला नाही, आईलाही नाही.

1993 चं मुंबईचं प्रकरण आठव. आरडीएक्स रायगडच्या शेखाडीला उतरलं. लाच घेऊन माल पुढे जाऊ देणारे पोलीस आणि कस्टमचे अधिकारी टाडा या तेव्हाच्या दहशतवादविरोधी कायद्याच्या न्यायालयात दोषी ठरले. त्यांच्यातल्या कुणी बॉम्ब ठेवला नव्हता. 12 मार्चला 257 माणसं गेली.

जामिनाचंही सांगते. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आता इथेच, भाऊसिंगजी रोडला आलंय, आईबापांचे मुंबईचे हेलपाटे वाचले. पण आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले, की यूएपीएचं कलम 43ड जामिनाच्या आड येतं. आरोपपत्रासाठीच 180 दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते. तुझं शेवटचं वर्ष त्यातच जाईल.

सरकारवर टीका केली म्हणून कुणावर हा कायदा लावला, तर मला तो मान्य नाही. बार रूममध्ये त्यावरून मी भांडते. मोर्चाला जा, लिही, चिडून बोल, मी तुझ्या पाठीशी आहे. पण इथे माणसं मारायचं चाललंय. त्या गर्दीत कुणाची तरी पोरंबाळं असणार रे. कायद्याची कलमं नसती तरी मी तुला हेच सांगितलं असतं.

आता नीट ऐक. किल्ली द्यायची नाही, सिम द्यायचं नाही. त्याच्याशी वाद घालू नकोस, त्याच्या सामानाला हात लावू नकोस, एकही मेसेज पुसू नकोस. खुनाचा बेत कळला तर पोलिसांना कळवणं हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 33 नुसार तुझं कर्तव्यच आहे. मैत्री तुटेल म्हणून थांबू नकोस. हे वाचलंस की खोलीबाहेर पड आणि 112 लाव किंवा थेट पोलीस ठाण्यात जा. मी रात्रीच्या एसटीने निघतेय. जबाब द्यायला एकटा बसणार नाहीस, पण माझ्यासाठी खोळंबूही नकोस.

तुझी,
आई